अकरा दिवसांत संपलेला ग्रंथ

आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला ग्रंथ अश्विन पौर्णिमेला संपतो आणि त्या दिवशी विहारात खीर होते. आत्याच्या गावात हे इतकं ठरलेलं आहे की त्याबद्दल कुणी बोलतसुद्धा नाही. गेल्या वर्षी मात्र खीर आषाढातच झाली. ग्रंथ अकरा दिवसांत संपला. त्याला कारण मी होते, मी आणि माझ्या पर्समध्ये मावणारा एक पांढरा डबा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. परभणीहून जिंतूर आणि जिंतूरहून येलदरीचा रस्ता धरला की धरणाच्या अलीकडे, दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटात तिचं गाव आहे. मोबाइलची रेंज तिथं फक्त पिठाच्या गिरणीपुढच्या ओट्यावर मिळते. सकाळ-संध्याकाळ त्या ओट्यावर माणसं फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभी असतात. आत्या गावच्या अंगणवाडीत होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळे तिला बाई म्हणतात. वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा तो बाईंनी, हेही मी लहान असल्यापासून असंच बघत आले.

तिच्या वाचनाची एक पद्धत होती. एक वाक्य छापलंय तसं वाचायचं. मग चष्मा कपाळावर सरकवून, "म्हंजे बगा," असं म्हणून तेच वाक्य आपल्या बोलीत सांगायचं. समोर बसलेल्या बायका दिवसभर निंदून-खुरपून आलेल्या. तरी कुणीतरी मध्येच म्हणायचं, "थांबा बाई, ते परत सांगा." ती परत सांगायची. मग त्यावरून कुणाच्या तरी सासरची गोष्ट निघायची, कुणीतरी हसायचं, आणि आत्या पानावर बोट तसंच ठेवून थांबलेली असायची. कधी कधी तासाभरात अर्धं पान व्हायचं. पण रोज व्हायचं. एकदा तिला ताप होता तेव्हा तिनं विहाराच्या पायरीवर बसून दोन ओळी वाचल्या आणि घरी जाऊन झोपली. वाचन खंडू द्यायचं नाही, एवढा एकच नियम होता.

दोन वर्षांपूर्वी तिला काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळायची. गेल्या उन्हाळ्यात ती औषधोपचारासाठी परभणीला आमच्याकडे राहिली. भिंग घेतलं की अजून तिला वाचता यायचं, पण एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताना वाट चुकायची. एकदा जेवताना ती सहज बोलल्यासारखी बोलली, "यंदा कोन वाचंल?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं.

मी इंग्रजी शाळेत शिकले. दहावीपर्यंत मराठी होतं, पण ते पेपर लिहिण्यापुरतं. मनातल्या मनात मी मराठी नीट वाचते. मोठ्यानं वाचायला लागले की प्रत्येक जोडाक्षरापाशी पाय अडकतो, आणि आकडा आला की संपलंच. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक मला आजही मनात इंग्रजी आकडा आणल्याशिवाय कळत नाही. त्यात मुळात मला माणसांसमोर बोलायला आवडत नाही. मी एका लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट टाइप करते. ते काम मी आनंदानं धरलं त्याचं मुख्य कारण असं की खिडकीवरची मुलगी वेगळी आहे.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याला म्हणाले, "तुला दिसतंय तोवर तू वाच. मी रेकॉर्ड करते. मग गावात तुझाच आवाज लावायचा."

"माज्याच म्होरं मीच बोलायची?"

"हो."

"बग बाई. तुला जमत आसंल तर."

पूर्ण मे महिना आम्ही ते केलं. मी लॅबमधून आले की मागच्या खोलीत पंखा बंद करून आत्या भिंग धरून वाचायची आणि मी फोन धरून बसायची. घामानं दोघींचे कपडे भिजायचे. एकाहत्तर भाग झाले. मग मी ते फोनवरच्या एका ॲपमध्ये साफ केले. तिचं "म्हंजे बगा" कापलं. "थांब गं, पानी दे" कापलं. "ह्याच्यावरून मला आठवलं" तर पुष्कळ वेळा कापलं. शेवटी फक्त ग्रंथ उरला, अगदी आकाशवाणीवर वाचतात तसा. मला त्या कामाचा अभिमान वाटत होता, हे कबूल करते.

डबा दादाचा होता. माझा मोठा भाऊ पुण्याला असतो आणि प्रवासात सिनेमे बघायला त्यानं तो घेतला होता. हातावर मावेल एवढी हार्डडिस्क, पण तिला स्वतःची बॅटरी आणि स्वतःचं वायफाय. इंटरनेट लागत नाही. डबा चालू केला की आसपासच्या फोनांना त्याचं वायफाय दिसतं. त्याला जोडून घेतलं की डब्यातली गाणी, सिनेमे आपापल्या फोनवर ऐकता-बघता येतात, उतरवूनही घेता येतात. रेंज नसलेल्या गावासाठी याहून चांगलं काय असणार, असं मला वाटलं. दादा फोनवर म्हणाला होता, "एवढा कुटाणा कशाला? पेनड्राइव्ह घे, स्पीकर घे." मी त्याला समजावलं की शेतातून यायला जिला उशीर होतो, तिला राहिलेला भाग नंतर आपल्या फोनवर ऐकता येईल. हे खरंच होतं. पण त्यापेक्षाही खरं हे होतं की डबा खिडकीत ठेवून मला मागं बसता येणार होतं.

पौर्णिमेला गुरुवार होता. मी चार दिवस सुट्टी काढली. संध्याकाळी विहारात मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं, आणि आत्यानं सांगितलं की यंदा वाचन डब्यातून होणार, माझी भाची दाखवील कसं ते. पंचवीसेक बायका एकदम माझ्याकडे वळल्या.

पुढचा तास मला विसरायला आवडेल. मी घरी सराव केला होता तो माझ्या फोनवर, ज्यात डब्याचं ॲप होतं. इथं कुणाच्याच फोनमध्ये ते नव्हतं आणि उतरवायला नेट नव्हतं. नेट लागत नाही असा डबा, आणि त्याची किल्ली नेटवर. मग मला आठवलं की आकड्यांचा एक पत्ता टाकला तर ब्राउझरमधूनही तो उघडतो. एकेकीच्या फोनमध्ये मी तो टाकत फिरले. फोन जोडला गेला की पाटी यायची, या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का? आणि मी पुढच्या बाईकडे वळले की मागची 'नाही' दाबायची. फोन काही विचारायला लागला की नाही म्हणायचं, हे फसवणुकीच्या गोष्टी ऐकून ऐकून सगळ्या पक्क्या शिकल्या होत्या.

"हो दाबा," मी म्हणायची.

"नेट न्हाई म्हनायलंय की हे."

"नसू दे. हो दाबा."

"अन् काय झालं तर?"

बऱ्याच जणींकडे साधे बटणांचे फोन होते, त्यांचा प्रश्नच नव्हता. ज्यांचे जोडले गेले त्यांनी आपापल्या वेळी बटण दाबलं, त्यामुळे आत्याचा आवाज एकीच्या फोनमधून आधी आणि दुसरीच्या फोनमधून नंतर यायला लागला. सगळ्या खोलीत एकच वाक्य एकामागे एक धावत होतं. आणि आठ फोन झाल्यावर नववा काही केल्या जोडला जाईना. एका वेळी आठच, हे डब्याच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ते मला तेव्हा आठवलं.

"आमच्या फोनला घेईना गं हे," आत्याच्या शेजारच्या काकू म्हणाल्या. या काकू म्हणजे वस्तीतला सगळ्यात मोठा आवाज. "बाईच्या भाचीनं काय आठच पाटं मांडले का जेवायला?"

सगळ्या हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

मागं दाराशी काकूंची सून लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. ताडकळसकडची, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. तिनं मला काही विचारलं नव्हतं. मी बघितलं, तेव्हा तिचा फोन जोडलेला होता आणि ती एका हातानं शेजारणीचा जोडून देत होती. आमची नजरानजर झाली. मी तिच्याजवळ जाऊन दोन शब्द बोलायला हवे होते. मी डब्याचा दिवा हिरवा आहे ना ते बघायला गेले.

पुढच्या दोन दिवसांत जरा घडी बसली. आठ फोन मध्ये ठेवायचे, एक-दोन-तीन म्हणून एकदम दाबायचे, एकेकीभोवती तिघी-चौघींनी बसायचं. आत्या भिंतीला टेकून डोळे मिटून स्वतःचा आवाज ऐकायची. तिचा चेहरा मला कळत नव्हता. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सवयीनं म्हणालं, "थांबा बाई, ते परत सांगा," आणि आत्यानं डोळे उघडले. फोनमधली आत्या पुढं गेली होती. ती बाई ओशाळून हसली. रविवारी दुपारी मी परभणीला परतले.

आठवडाभर आत्या गिरणीच्या ओट्यावरून फोन करत राहिली. "कसं चाललंय?" मी विचारायची. "चाललंय की," ती म्हणायची. शुक्रवारी मात्र म्हणाली, "तू ये एकदा."

"डबा बंद पडला का?"

"डबा कशाचा बंद पडतो. तू ये."

रविवारी संध्याकाळी मी विहारात शिरले तेव्हा आत चौघी होत्या. आत्या, बटणांच्या फोनवाल्या दोन म्हाताऱ्या, आणि एक बाई जी आपला फोन खिडकीतल्या डब्यासमोर धरून उभी होती, जसं काही तो डब्याला दिसत नव्हता.

"घेईनाच," ती म्हणाली. "चार दिस झालं. समद्या जागा भरल्यात म्हनतंय."

"कोणी भरल्यात?" मी विचारलं. कारण आत जोडता येईल असा दुसरा फोनच नव्हता.

आत्यानं हनुवटीनं दाराबाहेर दाखवलं. "ऐक."

मी दारात जाऊन उभी राहिले. डब्याचं वायफाय भिंतीला अडत नव्हतं. विहाराच्या आजूबाजूच्या आठ-दहा घरांपर्यंत ते व्यवस्थित पोचत होतं. समोरच्या घरातून भाकरीच्या थापटण्याबरोबर आत्याचा आवाज येत होता. डावीकडच्या ओट्यावरून तिचाच आवाज, पण वेगळं प्रकरण. पलीकडच्या न्हाणीच्या आडोशातून तिसरं. चारी बाजूंनी आत्या वाचत होती आणि विहारात आत्यापुढं त्या दोन म्हाताऱ्यांशिवाय कुणी बसलेलं नव्हतं. ज्या घरी होत्या त्यांना आठ जागा मिळाल्या होत्या. जी विहारात आली तिला मिळाली नव्हती.

मला इतका राग आला की काय करावं कळेना. कुणावर यावा तेही कळेना. मी सांगितल्याप्रमाणेच तर सगळं झालं होतं. उशीर होतो त्यांना नंतर ऐकता येईल, हेच मी म्हणाले होते. त्यांनी एवढंच केलं की उशीर होण्याची वाट बघितली नाही.

दोघींपैकी एक म्हातारी मला म्हणाली, "माय, एक सांगू का? माज्या लेकाच्या ट्रॅक्टरला टेप हाय. त्याला ते पेनड्राइव्ह लावतेत. तसं लावलं असतं तर समद्यांला एकदाच ऐकू आलं असतं."

दादाचं तोंड माझ्या डोळ्यांपुढं आलं.

तेवढ्यात काकू आल्या. दोन्ही हातांत फडक्यानं धरलेलं पातेलं आणि मागून लेकराला कडेवर घेऊन सून, तिच्या हातात स्टीलच्या वाट्यांची चळत. काकूंनी पातेलं मधोमध ठेवलं आणि झाकण काढलं. वेलचीचा वास सुटला.

"काय गं हे?" आत्यानं विचारलं. तिला वास आला होता, पण दिसत नव्हतं नीट.

"खीर, बाई."

"कशाची खीर?"

"समारोपाची. आमचा ग्रंथ संपला की आज."

आत्यानं माझ्या दिशेनं तोंड वळवलं.

"सूनबाईनं समदा फोनमधी उतरवून घेतला व्हता," काकू खुशाल सांगत होत्या. "दळन करताना लावला, शेंगा फोडताना लावला. दिसाला सहा-सहा, सात-सात व्हायचे. आज दुपारी शेवटला झाला. मग म्हनलं, ग्रंथ संपल्यावर खीर न्हाई केली तर बरं दिसतं का? दूध बी व्हतं घरात."

"अन् अश्विन पौर्णिमेला काय करायचं?" आत्याचा आवाज बारीक झाला होता.

"तवा बी करू की. तुमचा संपंल तवा."

तुमचा संपेल तेव्हा. इतकी वर्षं तो एकच ग्रंथ होता, सगळ्यांचा एकाच दिवशी संपायचा. आता प्रत्येक घराचा वेगळा झाला होता. आत्यानं वाटी घेतली. एक घोट घेतला. "गोड झाली," म्हणाली. मग वाटी खाली ठेवून तिनं विचारलं, "संपला म्हन्तीस, तर सांग बरं. काय व्हतं त्यात?"

"चांगलं व्हतं की समदं."

"काय चांगलं?"

काकू विचारात पडल्या. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होत्या. "आता कसं सांगू बाई. दरसाली तुमी वाचता, मी मधीच इचारते, तुमी सांगता, तवा ध्यानात ऱ्हातं. हितं फोनला मी म्हनलं, थांबा बाई! थांबल्या का? न्हाई. निघाल्या आपल्या म्होरं." मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "एक ध्यानात हाय! मधीच तुमी वरडलात, कुकर बंद कर गं, डाळ करपायली! माय, मी इतकी हासले. म्हनलं, ह्या आमच्या बाई."

म्हाताऱ्या हसल्या. सून पदर तोंडाला लावून हसली. आत्याही हसली. मी एकटी हसले नाही. एकाहत्तर भागांत ती एक जागा कापायची माझ्याकडून राहून गेली होती. दोन आठवडे कानाला हेडफोन लावून मी बाकीचं सगळं साफ केलं होतं.

आत्या भिंत धरून उठली आणि चाचपडत खिडकीपाशी गेली. "ह्याचं बटन कुटं हाय?"

"आत्या, मी करते. आपण स्पीकर आणू, एकच फोन..."

"बटन कुटं हाय?"

मी तिचं बोट धरून बटणावर ठेवलं. तिनं दाबलं. दोन-तीन सेकंद काही झालं नाही, मग हिरवा दिवा गेला. बाहेर एका घरातला आवाज वाक्याच्या मध्येच तुटला. मग दुसऱ्या. एक-दोन घरांत तो चालूच राहिला, त्यांनी बहुतेक उतरवून घेतलं होतं. जराशानं एकेक बाई दारात येऊन विचारायला लागली, काय झालं, लाईट गेली का.

"लाईट हाय," आत्या म्हणाली. "बसा." मग माझ्याकडे वळून, "ग्रंथ काड. आज अकरावा दिस. दुसरं प्रकरन काड अन् वाच."

"मला नाही येत मोठ्यानं वाचायला."

"शाळेत फी कशाची भरली मग बाईच्या भावानं?" काकू म्हणाल्या.

मी ग्रंथ काढला. पान उघडलं. अक्षरं मला ओळखीची होती, सगळी होती. पहिलं वाक्य मी कसंबसं पार केलं. दुसऱ्यात एक लांब संस्कृत शब्द होता, तो मी मधून तोडला आणि उरलेला अर्धा पुढच्या शब्दाला लावला. कुणीतरी खुदकन हसलं. तिसऱ्या ओळीत आकडा होता. मी थांबले. मला तो अंकांत दिसत होता, इंग्रजीत कळत होता, आणि तोंडातून काही येत नव्हतं. पंधरा-वीस बायका वाट बघत होत्या. माझ्या हाताखालचं पान ओलं झालं.

"मी सांगितलं होतं ना, मला येत नाही!" मी म्हणाले. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा खूप मोठा निघाला. "म्हणून तर डबा आणला होता. महिनाभर तेच करत बसले. कुणी विचारलं तरी का, कसं केलं ते?"

मला तेव्हाच्या तेव्हा शेवटच्या बसनं जावंसं वाटलं, आणि शेवटची बस पाचलाच गेलेली असते.

"द्या हिकडं, ताई," सून म्हणाली. तिनं लेकरू सासूच्या मांडीवर टाकलं आणि माझ्या हातातून ग्रंथ घेतला. बोट ठेवून तिनं मी अडकलेली ओळ शोधली आणि वाचायला लागली. भरभर, न अडखळता, आकड्यासकट. ती बारावी झालेली होती. वर्गात धडे तीच वाचायची, असं तिनं नंतर सांगितलं. दोन वर्षं ती विहारात दाराशी बसत होती आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. आत्यानं नाही, कारण तोवर तिला दिसत होतं. सासूनं नाही, कारण सासूच्या डोक्यात वाचायचं ते बाईंनी. आणि मी नाही, कारण विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा मला एकाहत्तर भाग कापणं सोपं वाटलं.

तिनं एक पान वाचलं. आत्या भिंतीला टेकली होती, डोळे मिटलेले. अचानक तिनं हात वर केला. "थांब. म्हंजे बगा..." आणि ती बोलायला लागली. सून पानावर बोट ठेवून थांबली.

दुसऱ्या दिवशी परतताना मी बसमध्ये फोन उघडून मूळ रेकॉर्डिंग शोधलं. साफ करण्याआधीचं, तिच्या सगळ्या "म्हंजे बगा"सकट. नव्हतं. जूनमध्ये फोन भरला म्हणून मीच ते पुसलं होतं. दोनदा विचारलं होतं फोननं, नक्की का म्हणून. मी दोनदा 'हो' दाबलं होतं.

अश्विन पौर्णिमेला मी गेले. वाचन एकही दिवस खंडलं नव्हतं. सुनेला बरं नव्हतं त्या संध्याकाळी तिनंही दोन ओळी वाचल्या होत्या, हे मला तिघींनी वेगवेगळं सांगितलं. शेवटचं पान चाललं होतं तेव्हा आत्या म्हणाली, "थांब, ते परत वाच."

"आत्ताच वाचलं की, बाई."

"माज्या ध्यानात न्हाई आलं."

सगळ्यांना ठाऊक होतं की तिला ते तोंडपाठ आहे. सुनेनं परत वाचलं. मग खीर झाली. काकूंनी मला वाटी भरून दिली आणि म्हणाल्या, "माजा दोनदा झाला बाई यंदा. गावात दुसऱ्या कुनाचा झाला नसंल."

डबा माझ्या पर्समध्ये होता. दादाला परत करायचा राहिला होता, आणि मनात कुठंतरी होतं की आत्याला दुपारी एकटीला ऐकायला हवा असेल. मी तो काढून तिच्या हातात दिला. तिनं तो चाचपून बघितला, बटणावर बोट गेलं, आणि परत माझ्या हातात ठेवला.

"त्येच का ते?" काकूंनी मान पुढं काढली. "मला दे की. नातवाच्या वाढदिवसाचे गाने भरून दे त्यात. घरीच ऱ्हाईल, चांगलं ऐकू येतं त्याचं."

"देऊन टाक," आत्या म्हणाली. "रिकामाच हाय की तो."

तो रिकामा नव्हता. एकाहत्तर भाग होते त्यात, आणि एका भागात डाळ करपत होती. मी डबा पर्समध्ये ठेवून चेन लावली. काकू अजून माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी वाटी तोंडाला लावली.